‘बरे’ कितव्या पायरीवर? एका अभिप्राय कार्डाचे प्रकरण

एका आरोग्यसेवी संस्थेच्या तिमाही अहवालात तिचे सिंधुदुर्गातले दवाखाने एकदम तळाला गेले. ही संस्था पुणे शहरातल्या काही वस्त्यांत, साताऱ्याच्या माण-खटाव भागात आणि सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीच्या आसपास दवाखाने चालवते. काही एका जागी, काही गाडीवर फिरते. तिन्हीकडे औषधांची यादी एक, नोंदवह्या एकाच नमुन्याच्या आणि जाताना रुग्णाच्या हातात द्यायचे अभिप्राय कार्डही एकच. तरी समाधानाच्या सरासरी गुणांत पुणे वर, सातारा मधे आणि सिंधुदुर्ग खाली असा स्पष्ट उतार पडला होता. देणगीदारांनी तो आलेख पाहिला आणि सिंधुदुर्गच्या समन्वयक बाईंकडे खुलासा मागितला गेला.

बाईंचा खुलासा मोजून चार ओळींचा होता. आमच्याकडे एकदा आलेला माणूस पुन्हा येतो, येताना घरातल्या दोघांना घेऊन येतो. तक्रारपेटी रिकामी आहे. गुण कमी का पडले ते गुण देणाऱ्यांनीच सांगावे.

नोंदवही बाईंच्या बाजूने होती. फेरतपासणीला येणाऱ्यांचे प्रमाण तिथे बाकीच्या दोन ठिकाणांपेक्षा कमी नव्हते. असमाधानी रुग्ण मुकाट्याने दुसरीकडे जातो, तो बायकामुलांना घेऊन परत येत नाही. म्हणजे एक तर नोंदवही खोटी होती, नाही तर कार्ड. प्रश्नावल्यांची मराठी तपासणे हे माझे काम असल्यामुळे कार्डांचे गठ्ठे माझ्याकडे आले.

कार्ड

कार्ड पोस्टकार्डाएवढे. वर एकच प्रश्न: ‘आमच्या दवाखान्यात आपल्याला कसे वाटले?’ त्याखाली पाच चौकोन: उत्तम, चांगले, बरे, वाईट, खूप वाईट. मागची बाजू ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ म्हणून कोरी. उत्तमला पाच गुण, चांगल्याला चार, बऱ्याला तीन आणि असेच खाली.

अशा मोजपट्ट्यांचा वंश जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली लोकांची मते पायऱ्यांवर मोजायची पद्धत मांडली आणि तेव्हापासून पाच चौकोनांनी जग व्यापले. आरोग्याच्या प्रश्नावल्यांत तर ‘एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर’ ही उतरंड सर्रास दिसते. आपल्या कार्डावरचे ‘बरे’ या ‘फेअर’च्या जागी बसवले होते. मूळ इंग्रजी कार्डात सेवेला श्रेणी द्या असा कोरडा मजकूर होता. भाषांतर करणाऱ्याने तो ‘आपल्याला कसे वाटले?’ असा मऊ केला. मराठी म्हणून वाक्य छान आहे. ‘सेवेचे मूल्यमापन करा’ असे कुणी खटाव तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तर तो आधी चप्पल शोधेल. भाषांतर वाईट असते तर कदाचित हे प्रकरण घडलेच नसते, कारण मग कुणाच्या तोंडून सहज उत्तर आले नसते.

कार्ड छापण्याआधी उलट भाषांतराची चाचणीही झाली होती. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही पद्धत सर्वत्र रुळली आहे: एकाने भाषांतर करायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे आणि दोन इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. इथे ‘बरे’ परत जाताना अगदी बरोबर ‘फेअर’ झाले. होणारच होते. उलट भाषांतर करणाऱ्याच्या समोर पाच शब्द एकाखाली एक छापलेले होते. वर ‘चांगले’, खाली ‘वाईट’ दिसले की मधल्या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही, तो जागेवरूनच कळतो. रुग्णांपैकी बहुतेकांनी मात्र ती यादी पाहिलीच नव्हती.

हे कळले ते कार्ड कसे भरले जाते याची चौकशी केल्यावर. संस्थेच्या नियमाप्रमाणे रुग्णाने ते स्वतः भरायचे. पण दवाखान्याच्या दारात चष्मा घरी राहिलेला असतो, कडेवर पोर असते, एसटी चुकायची भीती असते. तेव्हा कार्यकर्ती ताई विचारतात, ‘काय आजी, कसं वाटलं?’ आजी म्हणतात, ‘बरं वाटलं हो.’ ताई पाच चौकोनांत ‘बरे’ शोधतात. तो असतो. त्यावर खूण होते. या सगळ्यात कुणी काही चुकीचे केले नाही. आजी खरे बोलल्या, ताईंनी शब्द न बदलता नोंदवला, आणि दवाखान्याचे दोन गुण गेले.

गठ्ठ्यात काय दिसले

सिंधुदुर्गाच्या गठ्ठ्यात बहुतेक खुणा तिसऱ्या चौकोनात होत्या. ‘वाईट’ जवळजवळ कुठेच नाही. ‘उत्तम’ही नाही. आकडे पाहणाऱ्याने अहवालात याला ‘मध्याकडे झुकणे’ असे नाव दिले होते. लोक टोकाचे बोलायला कचरतात आणि मधला चौकोन धरतात, ही संख्याशास्त्रात नेहमीची गोष्ट आहे आणि निदान म्हणून ते सोयीचेही आहे, कारण त्यानंतर कार्ड उलटून पाहावे लागत नाही.

कार्ड उलटल्यावर चित्र पालटले. एका कार्डाच्या मागे लिहिले होते, ‘माझो ताप गेलो, आता बरां आसा.’ पुढच्या बाजूला खूण ‘बरे’वर. दुसऱ्याच्या मागे फक्त ‘देव बरे करो’, आणि पुढे पुन्हा तीच खूण. ताप पूर्ण गेलेला माणूस आणि डॉक्टरला आशीर्वाद देणारा माणूस, दोघांचीही नोंद मोजणीत ‘मध्यम समाधानी’ अशी झाली होती.

कोकणी ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात आणि ‘बरो दीस’ म्हणजे शुभ दिवस. तिथे ‘बरें’ हा चांगल्यासाठीचा रोजचा, पहिला शब्द आहे. सिंधुदुर्गाची मालवणी याच शेजारातली. मालवणी माणसाच्या कानाला ‘बरां’ हे चांगले आणि वाईट यांच्या मधे लोंबकळत नाही, ते थेट वाईटाच्या समोर उभे असते. मधली पायरी म्हणून तो शब्द छापणे म्हणजे त्याच्या सगळ्यात चांगल्या शब्दाला निम्मी किंमत लावणे.

इथवर आल्यावर संस्थेतल्या एकाने सुटकेचा निःश्वास टाकून उपाय सुचवला: हा बोलीचा प्रश्न आहे, तर सिंधुदुर्गापुरते ‘बरे’ला चार गुण देऊ आणि विषय मिटवू. मी साताऱ्याचा गठ्ठा सोडायला घेतला.

माण-खटावच्या लोकांना कोकणी येत नाही. तरी तिथेही ‘बरे’वर भरपूर खुणा होत्या आणि मागचा मजकूर त्यांच्याशी जुळत नव्हता. ‘गुडघा बरा झाला, आता रानात जातो’ असे लिहिणाऱ्याने तीनच गुण दिले होते. पुण्यात मात्र उलट प्रकार. ‘डॉक्टर बरे आहेत, पण नंबर लागायला फार वेळ लागतो,’ असे एकाने लिहिले होते. हे ‘बरे’ खरोखरच तीन गुणांचे आहे, थोडे कमीही चालेल. पण त्याच गठ्ठ्यात, त्याच शहरात, ‘दोन दिवसांत बरं वाटलं, धन्यवाद’ हेही होते. म्हणजे फरक फक्त जिल्ह्याचा नव्हता. एकाच गावातल्या एकाच माणसाच्या तोंडी हा शब्द सकाळी एका उंचीवर आणि संध्याकाळी दुसऱ्या उंचीवर असू शकतो.

हा शब्द करतो काय

ऐकायला साधा, पण हा शब्द कुठे कुठे जाऊन बसला आहे ते पाहण्यासारखे आहे. ‘सिनेमा बरा होता’ म्हणजे तिकिटाचे पैसे अगदीच वाया गेले नाहीत. ‘तब्येत बरी आहे’ म्हणजे काळजीचे कारण नाही. ‘मुलगा बरा झाला’ म्हणजे आजार संपला. ‘दिसायला बरी आहे’ यात स्तुती कमी आणि सोय जास्त. ‘खाऊनपिऊन बरे आहेत’ म्हणजे घरात चार पैसे आहेत. ‘बरेच लोक आले’ इथे चांगलेपणाचा संबंधच नाही, ती संख्या आहे. ‘बरं झालं पाऊस पडला’ ही सुटका, ‘बरी खोड मोडली’ हा दुसऱ्याच्या फजितीतला आनंद, ‘बरा सापडलास’ ही धमकी. ‘काही बरेवाईट झाले तर’ असे म्हणताना आपण मृत्यूचे नाव टाळत असतो. ‘आपण बरं नि आपलं काम बरं’ यात जगाकडे पाठ फिरवलेली असते. आणि ‘बरं, येतो’ म्हणून माणूस उठतो तेव्हा त्याला काहीच चांगले-वाईट म्हणायचे नसते.

बरवा हे याच घरातले जुने रूप. ज्ञानेश्वरांच्या ‘तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा’ मध्ये बरवा म्हणजे डोळे भरून पाहावा असा सुंदर. तिथून ‘बरा आहे’ या खांदे उडवून दिलेल्या शेऱ्यापर्यंत शब्द घसरला, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. घसरला असता तर सगळीकडे घसरला असता. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडी तो आजही पहिल्याइतकाच उंच आहे.

माझ्या मते गोष्ट वेगळी आहे. ‘बरा’ संस्कृत ‘वर’पासून आला असे मानतात, वर म्हणजे निवडलेला, श्रेष्ठ. संस्कृतात ‘वरम्’ची एक ठरलेली रचना आहे: हे परवडले, ते नको. ‘वरमेको गुणी पुत्रो न च मूर्खशतान्यपि’, म्हणजे शंभर मूर्खांपेक्षा एक गुणी मुलगा बरा. आपले ‘मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा’ याच साच्यातले आहे. इथे शहाणा शत्रू चांगला असतो असे कुणी म्हणत नाही. तो फक्त मूर्ख मित्राच्या तुलनेत परवडतो. ‘बरे’च्या पोटात ही तुलना कायम असते, फक्त पुष्कळदा दुसरी बाजू बोलली जात नाही. सिनेमा बरा, कशापेक्षा? याहून चांगले सिनेमे पाहिलेले असतात त्यांच्या शेजारी तो उभा राहतो, म्हणून शेरा थंड. तब्येत बरी, कशापेक्षा? कालच्या तापापेक्षा, म्हणून उत्तर भरघोस. न बोललेली बाजू वर असेल तर ‘बरे’ खाली दिसते, ती खाली असेल तर वर.

तुकोबांच्या त्या अभंगात हेच पराकोटीला गेले आहे. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली.’ १६३० ते १६३२ चा तो भयंकर दुष्काळ, त्यात घरादाराची धूळधाण, आणि प्रत्येक आपत्तीला ‘बरे’ची पावती. न बोललेली बाजू तिथे इतकी खोल आहे (धन राहिले असते, मान राहिला असता आणि देव राहून गेला असता) की दिवाळेही त्याहून बरे ठरते. या अभंगाला तीन गुण देणारा माणूस कारकुनीत कुठेच चुकलेला नसेल.

वाटणे आणि असणे

कार्डाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भेद क्रियापदात होता. गावोगावच्या कार्यकर्तींबरोबर बसून आम्ही साधी वाक्ये बोलून पाहिली. ‘दवाखाना बरा आहे’ आणि ‘दवाखान्यात गेल्यावर बरं वाटलं’. पहिले वाक्य ऐकून सगळ्यांचे तोंड जरा वाकडे झाले. दुसरे ऐकून कुणाचेच नाही. वस्तूला बरी म्हटले की आपण तिला इतर वस्तूंच्या रांगेत उभे करतो, तिथे मधला नंबर लागतो. जिवाला बरे वाटले की रांग नसते. आधीचा जीव आणि आताचा जीव एवढेच असते. संस्थेला वस्तूबद्दल विचारायचे होते आणि कार्डाने जिवाबद्दल विचारले.

नकार लावून पाहिले की हे आणखी उघड होते. पुस्तक ‘बरं नाही’ असे आपण सहसा म्हणत नाही. वाईट आहे म्हणतो, रटाळ आहे म्हणतो. पण ‘मला बरं नाही’ हे मराठीतले आजारपणाचे अगदी रोजचे वाक्य आहे. शाळेच्या चिठ्ठीत, कचेरीच्या फोनवर, सगळीकडे तेच. ‘बरं नाही’ म्हणजे आजारी, तर ‘बरं’ म्हणजे आजारी नसलेला. या जोडीत मधली पायरीच नाही.

पण खरा पुरावा मिळाला तो आण्यांतून. फेरतपासणीला आलेल्या म्हाताऱ्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, किती फरक आहे? उत्तर येते, ‘बारा आणे बरं हाय.’ दशमान नाणी १९५७ साली आली, आणे चलनातून गेले, तरी दुखण्याचा हिशेब अजून सोळा आण्यांतच होतो. तरुण पिढी तोच हिशेब टक्क्यांत करते, ‘ऐंशी टक्के बरं वाटतंय.’ शेतकऱ्याला तर ही मोजणी परकी नाहीच. पिकाची आणेवारी, आताची पैसेवारी, पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते हे त्याला पाठ असते. आता या वाक्यात ‘बरं’ काढून ‘चांगलं’ घालून पाहा. ‘बारा आणे चांगलं हाय’ हे कानाला खटकते. कारण आणे मोजले जातात ते ‘बरे’चे. पूर्ण सोळा आणे म्हणजे बरे. जो शब्द अख्खा रुपया आहे तो आम्ही तिसऱ्या चौकोनात आठ-दहा आण्यांच्या भावाने लावला होता.

हे हाती आल्यावर चिठ्ठ्यांची चाचणी घेतली ती खात्रीपुरती. पाच शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहून, कपाट लावावे तसे सगळ्यात चांगला वर आणि सगळ्यात वाईट खाली असे लावायला लोकांना सांगितले. पुण्यात बहुतेकांनी छापील क्रमच लावला. सिंधुदुर्गात ‘बरे’ आणि ‘चांगले’ यांची जागा लोक सर्रास बदलत होते, काहींनी दोन्ही एकावर एक ठेवल्या. साताऱ्यात ‘उत्तम’च्या चिठ्ठीशी घोळ झाला. एकाने ती बाजूला काढून ठेवली, हा निकालपत्रातला शब्द आहे म्हणाला. त्याचे खरेच होते. ‘मला उत्तम वाटलं’ असे बोलताना मी कुणाला ऐकलेले नाही. म्हणजे वरची पायरी पुस्तकी म्हणून रिकामी, तिसरी पायरी ओसंडून वाहती. शिवाय प्रकृतीबद्दल फार भरभरून बोलू नये, दृष्ट लागते, हा संकोच सगळीकडेच थोडाफार आहे. ‘बरं चाललंय’ म्हणणारा माणूस त्या दिवशी कमालीचा खूश असू शकतो.

कुडाळकडच्या एका आजींनी चिठ्ठ्या हातात घेतल्याच नाहीत. त्यांनी विचारले, कशाचे बरे? तापाचे की डॉक्टरचे? अख्ख्या तपासणीत याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नाही, आमच्यासकट.

काय बदलले

शब्द बदलणे हा पहिला विचार होता. ‘बरे’च्या जागी ‘ठीक’ छापायचे. पण ‘तब्येत ठीक आहे ना?’ हाही आपला रोजचा प्रश्न आहे आणि तिथे ‘ठीक’ पूर्ण गुणांचे असते. ‘साधारण’ म्हटले तर काहींना ते हलके वाटते, ‘मध्यम’ चहाच्या कपासारखे. अडचण आपल्याच भाषेची आहे असेही नाही. प्रकृतीच्या प्रश्नावलीतले ‘फेअर’ स्पॅनिशमध्ये ‘रेग्युलार’ झाले, तो शब्द तिकडच्यांना नेहमीचे, चालते तसे या अर्थाने जवळचा वाटतो, आणि अमेरिकेत स्पॅनिशमधून उत्तरे देणारे लोक त्या पायरीवर जास्त दिसतात, याकडे अभ्यासकांनी अनेकदा लक्ष वेधले आहे. तिथेही आधी लोकांची प्रकृतीच वाईट असल्याचे निष्कर्ष निघाले होते.

म्हणून विशेषणांची शिडीच काढली. नव्या कार्डावर तीन प्रश्न आहेत. पहिला जिवाचा: ज्या त्रासासाठी आलात तो आता कसा आहे? गेला, कमी झाला, तसाच आहे, वाढला. दुसरा वागण्याचा: डॉक्टरांनी तुमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले का, औषध कसे घ्यायचे ते समजावले का? हो, नाही, थोडेफार. तिसरा: घरातल्या कुणाला त्रास झाला तर त्यांना इथे आणाल का? या प्रश्नांत चांगले, बरे, वाईट कुठेच नाही. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे घ्यावीत असाही आग्रह होता. लहान मुलांना दुखणे किती हे विचारायला ती चित्रे कामाची आहेत. पण दवाखान्याला रडका चेहरा देताना माणसाला ताईंचा चेहरा समोर दिसतो. चेहऱ्यांचा आग्रह मग कुणी धरला नाही.

ताईंना एक सूचना जादा दिली: प्रश्न कार्डावर आहे तसाच वाचायचा, ‘कसं वाटलं?’ असा लहान करायचा नाही. ही सूचना पाळली जाईल याची मला फारशी आशा नाही. माणसे माणसांशी बोलतात तशी बोलणार. नव्या कार्डात निदान त्या बोलण्याने उत्तर चुकीच्या घरात पडत नाही. आजी ‘बरं वाटलं’ म्हणाल्या तर ताईंना विचारावेच लागते, म्हणजे दुखणं गेलं की कमी झालं?

जुन्या कार्डांचे काय करायचे यावर वाद जास्त झाला. सिंधुदुर्गाचे तीन गुण चार करण्याची सूचना पुन्हा आली, या वेळी साताऱ्यासह. ती मान्य करण्यात अर्थ नव्हता. समजा दहा कार्डांवर ‘बरे’ची खूण आहे. त्यातली काही ‘ताप गेला’ची असतील, काही ‘नंबर उशिरा लागला’ची. खूण दोन्हीकडे सारखीच. सगळ्यांना एक गुण वाढवला तर आधी खाली ओढलेल्यांना न्याय मिळेल आणि खरोखर नाराज असलेले पुसले जातील. जिथे मागे मजकूर आहे तिथे तो वाचून अर्थ लावता येतो, बाकीच्या कार्डांत तो अर्थ उरलेलाच नाही. शेवटी ठरले ते असे: जुन्या कार्डांवरून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना मागे घ्यायची, जुने आणि नवे गुण एका आलेखात जोडायचे नाहीत, आणि मागच्या बाजूचा मजकूर वेगळा काढून दवाखान्यांना पाठवायचा. देणगीदारांना आलेखातली रिकामी जागा आवडली नाही. बाईंकडे केलेली खुलाशाची मागणी मात्र मागे घेतली गेली, लेखी.

नव्या कार्डांत सिंधुदुर्ग वर गेले असे इथे लिहायला मला आवडले असते, पण तशी तुलना करायला दोन्ही कार्डे एकच गोष्ट मोजत नाहीत. नव्या कार्डांतून दिसते ते एवढेच की तिथे औषध कसे घ्यायचे ते समजावण्यात कमतरता आहे. ‘थोडेफार’वर खुणा आहेत. समन्वयक बाईंनी ती मान्य केली आणि औषधाच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देणे सुरू केले. पहिल्या कार्डाने त्यांना काय सुधारायचे ते कधीच सांगितले नसते.

संस्थेचे हिंदी कार्ड अजून जुन्याच नमुन्याचे आहे. त्यात तिसऱ्या चौकोनात ‘ठीक’ छापलेले आहे, आणि हिंदीत रुग्ण ‘ठीक हो गया’ म्हणतो तेव्हा तो पूर्ण बरा झालेला असतो. ते कार्ड पुढच्या तपासणीत आहे.